चर बुजवला, पण ठोकला का?

या वेळी पत्रांचा गठ्ठा जाड आहे आणि निम्म्या पत्रांत राग आहे. त्याची मला सवय आहे. शहराच्या बांधकाम आणि पाणीपुरवठा खात्यात ३३ वर्षं काढली; खोदलेल्या रस्त्याच्या कडेला उभं राहून जे ऐकलं त्यापुढे ही पत्रं फार सौम्य. एकाच विषयाची पत्रं मी एकत्र केली आहेत आणि नेहमीप्रमाणे कुणाचं नाव छापलेलं नाही.

ताई, आमच्या रस्त्यावर नवं डांबर पडलं आणि महिन्याच्या आत पाण्याच्या लाइनसाठी तो मधोमध खोदला. बुजवून वर डांबराची पट्टी मारली. आता तिथे पन्हळ पडली आहे, दुचाकीचं चाक त्यात अडकतं. ही दोन खाती एकमेकांशी बोलत नाहीत का?

बोलतात, पण बहुधा उशिरा. रस्त्याची मंजुरी एका फायलीत असते, जलवाहिनीची दुसऱ्या, आणि दोन्हींचा पैसा एकाच वेळी येईल याची खात्री कुणालाच नसते. रस्त्याचा निधी वर्षअखेरीला परत जाईल या भीतीने रस्ता आधी उरकला जातो. हे समर्थन नाही. आतून ते कसं दिसतं एवढंच सांगतेय.

मात्र तुमच्या प्रश्नात आणखी एक शक्यता दडलेली आहे, तिच्याकडे कुणी बघत नाही. नव्या रस्त्यासाठी जुना थर खरवडतात, म्हणजे खालच्या पाइपवरचं मातीचं पांघरूण तेवढ्यापुरतं कमी होतं. मग त्यावरून थरथरणारा जड रोलर फिरतो. खाली साठ-सत्तर वर्षांची बिडाची लाइन असेल, तिचे सांधे शिशाने भरलेले असतील, तर ते हलतात आणि पाझरू लागतात. नवा रस्ता झाला की महिनाभरात जुनी लाइन फुटते, हा दर वेळी योगायोग नसतो. म्हणून माझं म्हणणं असं की रस्ता करायच्या आधी खालची लाइन दाब देऊन तपासावी. लाइन जुनी असेल तर ती आधी बदलावी, रस्ता सहा महिने थांबला तरी चालेल. हे मी बैठकीत बोलले की सगळे माना डोलवायचे आणि निविदा निघायची ती रस्त्याचीच.

आता त्या पन्हळीबद्दल, कारण खरा दोष तिथे आहे. खोदणं चूक नसतं, बुजवणं चुकतं. जमिनीतून काढलेली माती फुगते. चर भरून वर ढीग उरतो तो त्यामुळेच. तीच माती एका दमात लोटून वरून रोलर फिरवला की चर भरल्यासारखा दिसतो, पण साध्या रोलरचा दाब वरच्या वीतभर थरापलीकडे फारसा पोचत नाही. खाली माती भुसभुशीतच राहते आणि पहिल्या मोठ्या पावसात बसते.

माती वीतभर थराने टाकायची आणि प्रत्येक थर ठोकायचा. ओलही बेताची हवी. लॉस एंजेलिसच्या पाणी खात्यातले अभियंते राल्फ प्रॉक्टर यांनी १९३३ मध्ये हे मोजून मांडलं: प्रत्येक मातीची एक ठरावीक ओल असते आणि त्या ओलीवर ती सगळ्यात घट्ट बसते. त्यापेक्षा कोरडी असेल तर कण एकमेकांवर सरकत नाहीत, जास्त ओली असेल तर मधलं पाणीच जागा अडवून बसतं. प्रयोगशाळेत ही चाचणी आजही त्यांच्याच नावाने होते. चरापाशी उभं राहून करायची परीक्षा सोपी आहे. मूठभर माती आवळा. गोळा झाला आणि खाली टाकल्यावर त्याचे तीन-चार तुकडे झाले, तर ओल बरोबर. भुगा झाला तर पाणी मारा, चपटा झाला तर सुकू द्या.

हे मी पुस्तकातून शिकले होते. शहाणपण मात्र एका चरापाशी आलं. नोकरीचं सहावं वर्ष, रात्रीचे अकरा, माणसाच्या खांद्याएवढा खोल चर आणि लांबी १४० मीटर. लाइन जोडून झाली होती, दोन दिवस पाण्यावाचून असलेले लोक कडेला उभे होते. कंत्राटदाराने यंत्राने ढीग आत लोटला. मी बघत होते. ‘थर द्या’ म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. दुसऱ्या दिवशी मोजमाप पुस्तिकेत ‘थराथराने दाबून’ असं माझ्याच अक्षरात लिहिलं आणि सही केली. पावसाळ्यात एका ट्रकचं मागचं चाक ॲक्सलपर्यंत आत गेलं. साहेब रागावले नाहीत. तो सगळा चर त्यांनी पुन्हा उकरायला लावला आणि प्रत्येक थर ठोकून होईपर्यंत मला तिथून हलू दिलं नाही. चार दिवस लागले. तेव्हापासून मी रोलर कुठे फिरतोय ते बघत नाही, ठोकणी कुठे आहे ते बघते.

तुमच्या रस्त्यावर आता वरून डांबर ओतून उपयोग नाही, पन्हळ पुन्हा पडेल. वरचे दोन-तीन थर काढून, नीट ठोकून, डांबराची कड चराच्या दोन्ही बाजूंना वीतभर जास्त आणि सरळ कापून पट्टी टाकायला हवी. अर्जात ‘रस्ता दुरुस्त करा’ असं मोघम लिहू नका, हे शब्द लिहा. काम दोषदायित्वाच्या मुदतीत असेल तर ते कंत्राटदाराने स्वखर्चाने करायचं असतं. ती मुदत कधी संपते, हे त्याच अर्जात विचारा.

आमच्या वळणावरचा खड्डा दर वर्षी बुजवतात आणि दर वर्षी तिथेच पडतो. डांबर निकृष्ट असतं का?

असेलही. पण तोच खड्डा त्याच जागी पुनःपुन्हा पडत असेल तर डांबराला दोष द्यायच्या आधी वरच्या अंगाला पन्नास पावलं चालून या आणि पाणी कुठून येतंय ते बघा.

खड्डा एका दिवसात पडत नाही. आधी केसाएवढी भेग पडते. तिच्यातून पाणी खालच्या खडीत उतरतं. वरून चाक गेलं की ते पाणी दाबलं जातं आणि पिचकारीसारखं बाहेर येताना बारीक कण घेऊन येतं. भेगेच्या तोंडाशी वाळलेला पांढुरका किंवा मातकट गाळ दिसला, तर खालून भराव निघून चाललाय असं समजा. काही आठवड्यांत तिथे पोकळी होते आणि वरचं डांबर आधाराविना लोंबकळतं. मग एक जड चाक पुरतं. थंड देशांत भेगेत गेलेलं पाणी गोठून सुमारे नऊ टक्के फुगतं आणि काम आणखी लवकर होतं, पण चोर तोच.

एका चौकात सहा वर्षं आम्ही एकच खड्डा बुजवत होतो. कारण सापडलं ते रस्त्यात नव्हतंच. दोनदा थरावर थर चढवल्याने रस्त्याचा उतार बदलला होता आणि गटाराचं तोंड पाण्याच्या वाटेवरून बाजूला पडलं होतं. रस्त्याला मधून कडेकडे मीटरमागे दोन-अडीच सेंटिमीटर उतार हवा. तिथे जवळजवळ काहीच उरला नव्हता. गटाराचं तोंड चार हात सरकवलं. त्यानंतर त्या जागी खड्डा पडल्याचं मी ऐकलं नाही.

बुजवण्याची रीतही बघा. पाण्याने भरलेल्या खड्ड्यात फावड्याने माल टाकून वर दोनदा पाय आपटणं ही दुरुस्ती नाही. खड्डा चौकोनी कापायचा, कडा उभ्या ठेवायच्या, आतला सैल माल काढायचा, कोरडा करायचा, तळाला आणि कडांना पातळ डांबराचा हात द्यायचा, मग गरम माल टाकून लगेच दाबायचा. गरम मालाला घाई असते. तो नव्वद अंशांच्या खाली थंडावला की कितीही दाबा, आत पोकळ्या राहतात. ट्रक तासभर रांगेत उभा होता का, हे विचारणारा नागरिक मला आवडतो.

जाता जाता: आपण ज्याला डांबर म्हणतो ते आता बिटुमेन असतं, खनिज तेलाच्या शुद्धीकरणात तळाला उरणारं. खरं डांबर दगडी कोळशापासून निघतं. भाषेने जुनं नाव सोडलं नाही, मीही सोडणार नाही.

मोटारी वाढल्या म्हणून रस्ते खराब होतात, असं आमच्याकडचे अधिकारी सांगतात. खरं आहे का?

कोंडी मोटारींमुळे होते. रस्ता मोडतो तो ट्रक आणि बसमुळे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ मुद्दाम चाचणीचे रस्ते बांधून १९५८ ते १९६० या काळात त्यांवर सैनिकांकरवी वाहनं चालवली गेली. अकरा लाखांहून जास्त ॲक्सल-फेऱ्या झाल्या. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा की नुकसान वजनाच्या चौथ्या घाताने वाढतं. ॲक्सलवरचं वजन दुप्पट तर झीज १६ पट, दहापट तर झीज १०,००० पट. गल्लीतल्या शंभर मोटारी रस्त्याला जाणवतही नाहीत. आणि ट्रकवर ठरल्यापेक्षा पाचवा हिस्सा जास्त माल लादला की झीज दुप्पट होते. वजनकाटा हे रस्त्याच्या देखभालीचं यंत्र आहे असं मी म्हणायची, तेव्हा लोकांना तो विनोद वाटायचा.

आमच्या भागातला व्हॉल्व्हमन एक व्हॉल्व्ह बंद करायला वीस मिनिटं लावतो. मध्येच थांबतो, उभा राहतो. आम्ही तक्रार करावी का?

कृपा करून करू नका! तो तुमची लाइन वाचवतोय.

मोठ्या पाइपात पाणी चालत असतं तेव्हा ते लांबलचक, टनावारी वजनाचं, धावणारं ओझं असतं. ते एकदम अडवलं तर त्याचा धक्का दाबाच्या लाटेच्या रूपाने लोखंडी पाइपातून सेकंदाला हजारएक मीटर वेगाने मागे पळतो. मॉस्कोच्या पाणीपुरवठ्यात लाइन वारंवार का फुटतात हे शोधताना निकोलाय झुकोव्स्की यांनी १८९७-९८ मध्ये या धक्क्याचं गणित मांडलं. त्या गणिताने सेकंदाला एक मीटर वेगाचं पाणी क्षणात थांबवलं तर दाब साधारण शंभर मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा वाढतो. शहरातल्या लाइनला रोज वीस-तीस मीटरचा दाब असतो. पुढचं सांगायला नको.

शिवाय फाटकासारख्या खाली येणाऱ्या व्हॉल्व्हची एक गंमत आहे. चाक अर्धं फिरवलं तरी पाणी फारसं कमी होत नाही. खरी अडवणूक शेवटच्या थोड्या फेऱ्यांत होते. म्हणून जाणता माणूस सुरुवातीला भराभर फिरवतो आणि शेवटी थांबत थांबत. तुमचा माणूस मध्ये उभा राहतो तेव्हा तो पाइपचं ऐकत असतो. माझ्या हाताखालचा एक व्हॉल्व्हमन फेऱ्या मोठ्याने मोजायचा, आणि मोजताना कुणी हाक मारली तर ओ द्यायचा नाही, मीसुद्धा.

काल दुरुस्तीनंतर नळाला दुधासारखं पांढरं पाणी आलं, आज सकाळी तांबूस, आणि औषधाचा वास येतोय. घरात लहान मूल आहे. काय करू?

तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. पांढरं पाणी काचेच्या ग्लासात घ्या आणि मिनिटभर बघा. तळापासून वर निवळत गेलं तर ती हवा आहे. रिकाम्या लाइनमध्ये शिरलेली हवा दाबाखाली पाण्यात मिसळते आणि नळाशी सुटते. निरुपद्रवी आहे. तळाला काही बसलं तर मात्र गाळ आहे. दुरुस्तीच्या वेळी तो आत गेला असेल. लाइन नीट धुतली नाही असं खात्याला कळवा.

तांबूस रंग गंजाचा. लोखंडी पाइपात वर्षानुवर्षं एकाच दिशेने पाणी वाहतं, दुरुस्तीत ती दिशा फिरते किंवा वेग बदलतो आणि आत धरलेला गंज सुटतो. घरातला सगळ्यात खालचा नळ निवळ येईपर्यंत सोडून ठेवा, तोवर त्या पाण्यात पांढरे कपडे भिजवू नका आणि बाळासाठी ते वापरू नका. दिवस उलटूनही तसंच असेल तर ते खात्याचं काम आहे, तुमचं नाही.

वास क्लोरीनचा. दुरुस्तीनंतर तो मुद्दाम जास्त देतात. अमेरिकेत जर्सी सिटीच्या पाण्यात १९०८ मध्ये तो कायमस्वरूपी मिसळायला सुरुवात झाली तेव्हा खटला चालू होता आणि लोक विष म्हणत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार पाणी तुमच्यापर्यंत पोचतं तेव्हा लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन शिल्लक असावा. उघड्या भांड्यात तासभर ठेवलं की वास बराच उतरतो. लाइनच्या शेवटच्या टोकाला राहणाऱ्यांना मी उलटं सांगते: वास कधीच येत नसेल तर चाचणी करून घ्या. वाटेत क्लोरीन कशावर तरी खर्च होतोय.

आम्ही लाइनच्या शेवटी राहतो. पाणी करंगळीएवढं येतं, म्हणून सगळ्यांनी लाइनलाच मोटर बसवली आहे. आम्ही बसवली तर बिघडलं कुठे?

बिघडतं ते तुमच्या घशात. मोटर लाइनमधून ओढते तेव्हा पाइपातला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो. शेजारून गटार जात असेल आणि पाइपला टाचणीएवढं छिद्र असेल, तर एरवी तिथून पाणी बाहेर पाझरतं. मोटर चालू झाली की बाहेरचं आत येतं. तुम्ही ओढलेलं पाणी पुढच्या-मागच्या घरांतही जातं.

उपाय पाइपच्या जाडीत असतो, आणि इथे लोकांचा अंदाज फार चुकतो. व्यास दुप्पट केला तर पाणी दुप्पट नव्हे, चौपटही नव्हे, साधारण सहापट येतं. म्हणजे उलट्या बाजूने, गंजाने आतून निम्मी झालेली लाइन सहाव्या हिश्श्यावर आलेली असते. तुमच्या गल्लीतल्या लाइनचा तुकडा कापून दाखवा, अशी एकत्र मागणी करा. कापलेला तुकडा सभेत टेबलावर ठेवला की चर्चा लवकर संपते. मी दोनदा ठेवला आहे.

नवा काँक्रीटचा रस्ता झाला आणि त्याच रात्री यंत्र लावून तो आडवा कापत होते. चूक दुरुस्त करत होते का?

नाही, तेच बरोबर काम होतं. काँक्रीट सुकताना आकसतं आणि तडकतंच. आपण फक्त कुठे तडकायचं ते त्याला सांगतो. जाडीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याएवढा काप दिला की तडा त्या कापाखाली सरळ जातो. लवकर कापलं तर कडा उखडतात, सकाळवर ढकललं तर तडा स्वतःच्या मनाने वाकडातिकडा गेलेला असतो. म्हणून रात्री, दिवे लावून.

तक्रार करायची तर पाण्याबद्दल करा. सात दिवसांत काँक्रीट साधारण दोन-तृतीयांश ताकदीला येतं, पूर्ण हिशेब २८ दिवसांचा. तेवढ्यात काँक्रीट ओलं ठेवायला वर अंथरलेलं गोणपाट वाळकं दिसलं तर फोटो काढून ठेवा, तारखेसह.

मॅनहोलची झाकणं गोल का?

गोल झाकण कसंही फिरवलं तरी स्वतःच्या तोंडातून आत पडत नाही. चौकोनी झाकण तिरकं धरलं की पडतं, आणि खाली माणूस असू शकतो.

मॅनहोल तुंबलंय. माणूस उतरवला तर दहा मिनिटांत निघेल, पण खातं यंत्राची वाट बघा म्हणतं. तीन दिवस झाले. एवढी दिरंगाई?

तीन दिवस घाणीत काढणं वाईट आहे, यंत्रं पुरेशी नसणं हा खात्याचा दोषच आहे, आणि त्याबद्दल भांडा. पण माणूस उतरवा असं म्हणू नका. तुंबलेल्या सांडपाण्यात हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार होतो. थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो, जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास गेल्यासारखा वाटतो. माणूस ‘आता बरं आहे’ म्हणून एक पायरी खाली उतरतो. मग त्याला काढायला दुसरा उतरतो. यापुढे मला या प्रश्नावर लिहायचं नाही.

रात्री दोन-तीनच्या सुमारास आमच्या भिंतीतून बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. दिवसा नसतो. घरचे म्हणतात, भास आहे.

भास नाही, आणि हे पत्र मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण माझ्या नोकरीतलं सगळ्यात आवडतं काम याच वेळचं होतं. रात्री दोन ते चार शहर झोपलेलं असतं, नळ बंद असतात. तरीही टाकीतून पाणी जात असेल तर त्यातलं बरंचसं गळतीचं असतं. आमचा एक जुना लाइनमन लोखंडी सळई घेऊन निघायचा. सळईचं एक टोक व्हॉल्व्हवर, दुसरं कानामागच्या हाडाला. मी बॅटरी धरून मागे. तो काही बोलायचा नाही, फक्त खडूने रस्त्यावर फुली मारायचा. सकाळी तिथे खोदलं की ओल लागायची. मिनिटाला एक लिटर गळती म्हणजे दिवसाला १,४४० लिटर. अशा फुल्या आम्ही एका पंधरवड्यात एकवीस मारल्या होत्या.

तुम्ही असं करा. आवाज येईल तेव्हा घरातले सगळे नळ बंद आहेत ना बघा आणि मीटरजवळ जा. काटा फिरत असेल तर गळती मीटरच्या पुढे, तुमच्या घरात आहे. बहुधा शौचालयाची टाकी किंवा भिंतीतला सांधा. काटा स्थिर असूनही आवाज येत असेल तर गळती रस्त्याच्या बाजूला आहे. मात्र अर्धवट उघडा व्हॉल्व्हही असाच शिट्टी वाजवतो, तेव्हा जवळपास व्हॉल्व्हचं झाकण आहे का ते बघून ठेवा. सळई नसेल तर लांब लाकडी दांडा चालेल. एक टोक पाइपला, दुसरं कानाला. तीन रात्रींच्या वेळा आणि मीटरचे आकडे कागदावर मांडून पाणीपुरवठा खात्यात द्या, आणि एक प्रत मला पाठवा.